आमची वाटचाल : उघड्या खडकापासून झाडोऱ्यापर्यंत

बंद पडलेल्या दगडखाणींवर पुन्हा झाडोरा उभा करण्याचे काम आमची छोटी फर्म करते. खाणीच्या तळाशी माती नसते आणि बियांचा जुना साठाही उरलेला नसतो, म्हणजे तिथे प्राथमिक अनुक्रमणच, म्हणजे उघड्या खडकावर शून्यापासून एकामागून एक वनस्पतींच्या जाती येत जाणे, घडावे लागते, हे या व्यवसायातील मंडळींना सांगायला नको. ग्राहकाला मात्र दर वेळी सांगावे लागते.

आमच्या एका मोठ्या ग्राहकाने तिसऱ्या वर्षी जागा पाहिली. गवत, शेंगवर्गीय झुडपे आणि काटेरी जाळी एवढेच दिसल्यावर ‘हे तर तण आहे’ म्हणून त्याने करार मोडला आणि शेवटचे बिल अडवले. त्या शेंगवर्गीय मुळांच्या गाठींतील जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधून मातीचा कस वाढवत होते, हे ऐकायलाही तो थांबला नाही. काम ज्या प्रतिस्पर्ध्याला मिळाले त्याने ट्रकने माती आणून एकाच जातीची, एकाच उंचीची रोपे रांगेत लावली, छायाचित्रे काढली आणि पैसे घेतले. आमच्यावर रोपवाटिका विकण्याची पाळी आली होती. पुढे पाणी बंद होताच त्यातली बहुतेक रोपे वाळली, पण त्याची छायाचित्रे कोणी काढली नाहीत.

तग धरला तो एका वयस्कर खाणमालकांमुळे. त्यांनी घाई केली नाही. आम्ही तारेची मीटरभराची चौकट जुन्या खुंट्यांवर ठेवून आतली एकेक जात नोंदवत असू, तेव्हा ते भिंग घेऊन शेजारी बसत. १९६३ साली आइसलँडजवळ समुद्रातून वर आलेल्या सर्टसी या ज्वालामुखी बेटावर कुरव पक्ष्यांची वसाहत झाल्यावर त्यांच्या विष्ठेने वनस्पती झपाट्याने वाढल्या, हे सांगताच त्यांनी पक्ष्यांना बसण्यासाठी वासे रोवून दिले. पुढे त्याच चौकटीत, काटेरी जाळीच्या सावलीत, पक्ष्याने टाकलेल्या बीचे पहिले सावलीसहिष्णू रोप उगवले.

म्हणून सांगतो, काटेरी जाळी उपटू नका. गवताचे मात्र तसे नाही: आधी आलेली जात नंतरच्या जातीला हात देते तशी वाटही अडवते, हे कॉनेल आणि स्लॅटियर या परिसंस्थाशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच मांडले आहे. गवत दाट झाले की त्यात जागोजागी मोकळे ठिपके करावेत.

तो प्रतिस्पर्धी हल्ली स्वतःच्या माहितीपत्रकात ‘नैसर्गिक अनुक्रमण’ छापतो. आमचे अडवलेले बिल अजून मिळालेले नाही.