मे महिन्यातलं शहर

आज १८ मे, आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. १९७७ पासून तो पाळला जातो आणि या दिवशी जगभर कितीतरी संग्रहालयं विनातिकीट खुली असतात. इतकी वर्षं या शहरात राहून मी आज पहिल्यांदा आत पाऊल टाकलं. दोन दालनांतच तीन तास गेले. मातीच्या एका जुन्या भांड्यावर कुंभाराच्या बोटाचा ठसा राहिलाय. तिथून पाय निघेना. हजारो वर्षांपूर्वीचं बोट, आणि अगदी माझ्या बोटाएवढं!

हा महिना ठरवून शहरासाठी ठेवलाय. सहा तारखेच्या पहाटे आम्ही ईटा ॲक्वेरिड उल्कावर्षाव बघायला शहराबाहेर गेलो होतो (शहराच्या दिव्यांत काही म्हणजे काही दिसत नाही). हॅलेच्या धूमकेतूने मागे सोडलेली धूळ ती! लेकीने सात उल्का मोजल्या, आठवीसाठी हट्ट धरून बसली. दुसऱ्या शनिवारी स्थलांतरित पक्षी दिन होता, ती सकाळ तळ्याकाठी गेली.

अजून तेरा दिवस हातात आहेत. जुन्या वस्तीतून पायी फिरायचंय. रविवारी सकाळी सातला निघतेय. कुणी येणार असाल तर सांगा, मनापासून आवडेल.