सादळलेला पेपर

मंगळवार, रात्र

मुलं झोपल्यावर सरावाला बसले, पण पेपर मनासारखा फाटेना. चार दिवस पावसाची झड लागलीय. घरात पडलेला पेपर सादळतो आणि मग फाडताना तो खणखणीत 'टर्रर्र' निघत नाही. फाडलेला पेपर पुन्हा अखंड करायच्या जादूत निम्मं काम त्या आवाजाचं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसलं नाही तरी ऐकू गेलं पाहिजे की फाटला. शेवटी पेपर इस्त्रीखाली घातला, तेव्हा कुठे बोलू लागला.

वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं. कागद बनतानाच त्यातले तंतू बहुतांशी यंत्राच्या दिशेने बसतात आणि छापलेल्या पानात ती दिशा वरून खाली येते. म्हणून पहिली फाड उभी. झेरॉक्सच्या कागदावर कितीही घोटलं तरी हे हाताला कळत नाही.

पत्ते आणि नाणी किती बरी, रात्रभर घोळवली तरी झिजत नाहीत. इथे प्रत्येक सराव म्हणजे खर्च. घड्या घालून, चिकटवून तयारीला अर्धा तास आणि फाडायला जेमतेम दोन मिनिटं. त्यातून शेजारच्या काकूंकडून त्याच तारखेचा तोच पेपर मागून आणायचा. का, ते रोजनिशीतही लिहिणार नाही.

हे सगळं वाया जाणार म्हटलं की हात आखडतो. जपून फाडणारा हात तर लगेच ओळखू येतो! नानांनी आज तेच पकडलं. "सूनबाई, पेपर फाडतेयस की भाजी निवडतेयस?" त्यांनी तरुणपणी जादूगार रघुवीरांचे प्रयोग पाहिलेत, त्यांच्याकडून सहजासहजी पसंती मिळत नाही.

दोरीचं एवढं वाटत नाही. सुती दोरीचा आतला गाभा ओढून काढला की ती मऊ पडते, गाठ झकास बसते. दर खेळाला बोटभर कमी होते, पण स्वस्त असते.

फ्लॅश पेपर मात्र जिवावर येतो. तो नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे १८४६ साली रसायनशास्त्रज्ञ शोनबाइनने जाहीर केलेल्या गनकॉटनच्याच, स्फोटक कापसाच्या, जातीचा. ठिणगी लागताच भप्पकन पेटतो आणि राख जवळजवळ उरतच नाही. ओलसर ठेवायचा, लागेल तेवढाच वाळवायचा. हालचाली तेवढ्याच आकाराच्या टिश्यूवर बसवता येतात. पण भडका उडाला की मान मागे जाते, डोळे मिटतात. ती सवय खरा कागद जाळल्याशिवाय मोडत नाही, आणि एक पान हातात घेतलं की मला आधी त्याची किंमत आठवते.

गणपतीत सोसायटीच्या मंडपात तो काढणार नाही. वर कापडाचं छत, समोर पोरं मांडी घालून बसलेली. तिथे पेपर आणि दोरी पुरे. उद्या रद्दीवाल्याला एकाच तारखेचे जोड-पेपर बाजूला काढायला सांगते. नाहीतरी काकू आता पेपर देताना कोडं सोडवून मगच देतात.