बंद करायचा नाही असा कॉम्प्युटर

ऑगस्टमधला शनिवार. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याचे मेसेज सकाळपासून फिरत होते. दुपारी तीनच्या सुमारास पंचवटीतल्या गुरुजींचा फोन आला, "भाऊ, पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलंय. आणि खालचा कॉम्प्युटर कडकड वाजतोय. तू ये." गोदावरीच्या पात्रातला हा मारुती म्हणजे आम्हा नाशिककरांची पूर मोजायची खूण.

गुरुजी तीर्थपुरोहित. त्यांच्या घराण्याच्या वह्यांमध्ये गावोगावची कुळं नोंदलेली. जुनी पानं मोडीतली, पुढची बाळबोधीतली, प्रत्येक नोंदीखाली येणाऱ्याने स्वतःच्या हाताने केलेली सही. गुरुजींनी बारा वर्षं खपून त्या वह्यांचे फोटो काढले, कुठल्या आडनावाचं पान कुठे आहे याची यादी टाइप केली. सगळं विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. मूळ वह्या त्यांनी सकाळीच कापडात बांधून माडीवर नेल्या होत्या. पण त्यातल्या एका वहीला पूर्वी वाळवी लागली होती, आणि तिची शेवटची चाळीस पानं आता फक्त फोटोत उरली होती. त्यांचा जीव त्या चाळीस पानांत अडकला होता.

होळकर पुलावर पाणी बघायला ही गर्दी. गाडी अलीकडेच लावून चालत गेलो. वाड्याच्या ओसरीपासून पाणी अजून तीन पायऱ्या खाली होतं.

फोनवरच मी त्यांना बजावलं होतं, "गुरुजी, काही झालं तरी मशीन बंद करू नका." हार्ड डिस्क असा आवाज करायला लागली की आत फायली वाचणारं डोकं जागा शोधत आपटत असतं. चालू आहे तोवर फायली वाचता येण्याची आशा असते. एकदा थांबली की पुन्हा उठेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. डिस्क काढून कन्व्हर्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची सोय माझ्या बॅगेत होती, पण त्यासाठी ती थांबवावी लागली असती, आणि मी ते करणार नव्हतो. पेनड्राइव्हचा प्रश्नच नव्हता. त्या मशीनचे यूएसबी पोर्ट कधीच मेले होते, कीबोर्ड आणि माउस दोन्ही गोल पिनचे. मागे नेटवर्कचं भोक मात्र शाबूत होतं.

माडीवर मुलाचा विंडोज ७ चा कॉम्प्युटर होता. राउटर नाही, मशीनं एकमेकांना जोडणारी स्विचची पेटी नाही. म्हणजे दोन मशीन थेट एका वायरने जोडायची.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. नेहमीची वायर दोन्ही टोकांना सारखी असते, कारण मध्ये स्विच असतो आणि बोलण्या-ऐकण्याच्या तारा तो जुळवून देतो. मशीनच्या पोर्टवर पिन १ आणि २ बोलतात, ३ आणि ६ ऐकतात. दोन कॉम्प्युटर समोरासमोर आले की दोघं एकाच तारेवर बोलू लागतात आणि ऐकणारा कुणीच उरत नाही. म्हणून एका टोकाला नारंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल करायची. हीच क्रॉस केबल. गिगाबिटची पोर्टं ही अदलाबदल आपली आपण करून घेतात, पण इथे दोन्हीकडे जुनी १०० एमबीपीएसची कार्डं. त्यांच्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा क्रॉसच करावी.

बॅगेत वायरचं बंडल होतं. कनेक्टर मात्र पाकिटात तीनच. जिन्याच्या कठड्यावरून वायर ओढली, माडीपर्यंत पंचवीस मीटर भरली. खालचं टोक सोललं आणि नेहमीच्या क्रमाने लावलं: नारंगी-पांढरा, नारंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. वर जाऊन दुसरं टोक: हिरवा-पांढरा, हिरवा, नारंगी-पांढरा, निळा, निळा-पांढरा, नारंगी, मग तपकिरी जोडी. कनेक्टर पक्का करणारा क्रिम्पर दाबला, वायर खोचली. पोर्टवरचा दिवा लागेना.

वायर तपासायचा टेस्टर दुकानात राहिला होता. मोबाइलच्या टॉर्चखाली कनेक्टर धरून एकेक तार पाहिली. वरच्या टोकाची हिरवी तार बाकीच्यांपेक्षा गव्हाएवढी मागे राहिली होती, पितळी दातापर्यंत पोचलीच नव्हती. क्रिम्प केलेला कनेक्टर पुन्हा वापरता येत नाही. आता पाकिटात एकच. मी टोक कापलं, आठही तारा बोटांत सपाट केल्या, वहिनींच्या कात्रीने एका रेषेत छाटल्या, आणि या वेळी दाबायच्या आधी समोरून आठ तांबडे ठिपके मोजले. आठ भरले. दाबलं. हिरवा दिवा लागला.

गुरुजी खालून ओरडले, "इथेही लागला रे!"

खालच्या मशीनला नेटवर्कचा पत्ता १९२.१६८.१.१ दिला, वरच्याला १९२.१६८.१.२, आणि दोघं एकाच नेटवर्कात आहेत हे सांगणारा मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. न देताही दोघांनी १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते स्वतःच घेतले असते, पण त्यात वेळ जातो आणि कुणाला कुठला मिळाला ते शोधत बसावं लागतं. पिंग केलं, म्हणजे वरून खालच्या मशीनला हाक मारली, तर उत्तर नाही. बाहेरच्या मशीनना अडवणारी एक्सपीची फायरवॉल आडवी आली होती. फोल्डर शेअर केल्यावर तिने वाट दिली. शेअर करताना फक्त वाचायची परवानगी ठेवली. मरत्या डिस्कवर एक अक्षरही नव्याने लिहायचं नसतं.

साधारण १४ हजार फोटो, २२ जीबी. माउसने ओढून टाकले असते तर पहिल्या खराब फाइलला कॉपी अडून बसली असती. म्हणून वरच्या मशीनवरून रोबोकॉपी ही विंडोजमधलीच कॉपी करायची कमांड चालवली. तिला मुळात एका फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करायची सवय, प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून. मी तिला सांगितलं, एकदाच प्रयत्न कर, एक सेकंद थांब, पुढे जा. पहिला फोल्डर वाळवीच्या वहीचा, दुसरी ती यादी. बाकी सगळं नंतर.

चाळीस पानं मिनिटभराच्या आत वर आली. मी एकेक उघडून दाखवलं. गुरुजी माडीवर येऊन स्टुलावर बसले होते. एका पानाशी त्यांनी माझा हात धरला. पानाची कड वाळवीने कुरतडलेली, खाली जाड बोरूची सही. "ही माझ्या आजोबांसमोर केलेली," ते म्हणाले.

पुढची कॉपी जवळजवळ तासभर चालली. सुरुवातीला सेकंदाला आठ-नऊ एमबी, मग मध्येच थबकायची, खाली कडकड व्हायची, पुन्हा सुरू. काकू दर दहा मिनिटांनी कंदील घेऊन पायऱ्या बघून यायच्या. "एक बुडाली." नंतर, "दुसरी अर्धी." लाइट कुठल्याही क्षणी जाणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, यूपीएसची बॅटरी जेमतेम दोन मिनिटांची. तो तास मी जन्मात विसरणार नाही.

सव्वासहाला कॉपी संपली. शेवटच्या तक्त्यात न आलेल्या फायली अकरा. मी त्या पुन्हा एकदा मागवल्या, आठ आल्या, तीन आल्या नाहीत. मग मात्र मशीन बंद केलं, तारा सोडवल्या आणि गुरुजींच्या मुलाने आणि मी मिळून ते माडीवर नेलं. पाऊण तासाने गल्लीतली वीज गेली. रात्री पाणी ओसरीवर आलं आणि पहाटे उतरलं.

मंगळवारी ते मशीन पुन्हा लावून पाहिलं. दोनदा कडकड केली आणि डिस्क दिसेनाशी झाली.

न आलेल्या तीन फोटोंची मूळ वही शाबूत होती. गुरुजींनी माडीवर सतरंजी अंथरली, वही कापडातून सोडली आणि मुलाला मोबाइल आणायला सांगितलं.