समासातलं कारण

स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं शाळेचं पत्र आलं आणि लिहायचं ते गणिताच्या बाईंच्या तासाविषयी, हे वाचतानाच ठरलं. बाकीच्या आठवणी इतर कुणी लिहितीलच.

बाईंची शिस्त सर्वांना ठाऊक आहे. एका ओळीत एकच पायरी, बरोबरची चिन्हं एकाखाली एक आणि उजव्या समासात त्या पायरीचं कारण. ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे त्यांना मुळीच चालत नसे. ‘दोन्ही बाजूंतून ११ वजा केले’ असंच लिहायचं.

त्यांचं एक समीकरण अजून तोंडपाठ आहे: (क्ष + १)/२ − (क्ष − ३)/५ = ५. छेदांचा लसावि १०. दोन्ही बाजूंना १० ने गुणायचं, म्हणजे उजवीकडच्या ५ लाही. ते राहिलं की गणित तिथेच फसतं. मग ५(क्ष + १) − २(क्ष − ३) = ५०. खरी मेख पुढे आहे. अपूर्णांकाची आडवी रेघ कंसाचंच काम करते, त्यामुळे वजा चिन्ह दोन्ही पदांना लागतं आणि −२ गुणिले −३ म्हणजे +६. ३क्ष + ११ = ५०, क्ष = १३. चुकून −६ लिहिलं तर क्ष = १७ येतं. तेही सुटसुटीत पूर्णांक, म्हणून शंकासुद्धा येत नाही. पण ताळा करा: ९ वजा १४/५, म्हणजे ३१/५, ५ नव्हे. १३ घातले की ७ − २ = ५.

अपूर्णांकांच्या बेरजेतही आधी अंदाज. ५/६ + ३/८ चं उत्तर ८/१४ आलं, तर ते ५/६ पेक्षाही लहान. बेरीज कमी कशी होईल? सहावे आणि आठवे भाग सारखे नसतात, म्हणून आधी चोविसावे करायचे: २०/२४ + ९/२४ = २९/२४.

इतक्या निगुतीने शिकवणारं पुन्हा कुणी भेटलं नाही. आता बहुपर्यायी परीक्षेत नुसता गोल काळा करायचा; चूक कुठल्या ओळीत झाली हे त्यावरून कळायला मार्गच नाही, याचं वाईट वाटतं.

सध्या मी अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवतो. तिथेही (क्ष + ६)/६ मधले सहाला सहा उडवून क्ष लिहिलेलं दिसतं. छेद प्रत्येक पदाला भागतो, म्हणून उत्तर क्ष/६ + १. अशा वेळी मी समासात कारण लिहायला सांगतो. कारण सुचत नाही, आणि मुलं आपणहून ती ओळ खोडतात.