पिंपरी-चिंचवड पुण्यातच येते का?

निकाल लागले की आयटीआय झालेले पोट्टे मला पानठेल्यावर गाठतात. "काका, पिंपरी-चिंचवड पुन्यातच येते नं?" मागे बाप उभा असतो. तो काही बोलत नाही, पण उत्तर त्यालाच जास्त पाहिजे असते. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावचा मी, सोळा वर्षं पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरीत लेथवर काढून परत आलो, म्हणून हा प्रश्न माझ्याच वाट्याला.

आता विचारलंतच, तर सांगतो. पुण्यात येत नाही, पुण्याला लागून आहे. महानगरपालिका वेगळी, 2018 पासून पोलीस आयुक्तालयही वेगळं. तिथले जुने लोक "पुण्याला जाऊन येतो" म्हणतात, आपण यवतमाळले जाऊन येतो म्हणतो तसं. 2011 च्या जनगणनेत सतरा लाखांवर माणूस होता तिथं.

आणि ते मुळात एक गावही नव्हे. पिंपरी वेगळी, चिंचवड वेगळं, आकुर्डी, भोसरी वेगळी. मधे वावरं आणि पवना नदी. नाव होतं ते चिंचवडचं. मोरया गोसावींची समाधी तिथलीच, आणि 1897 साली इंग्रजांचा प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडणारे चापेकर बंधूही तिथलेच. पिंपरीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी पडली. आज तिथं मोठा बाजार आहे, लग्नाचा बस्ता बांधायला लोक 'कॅम्पात' जातात.

मग एवढं शहर झालं कशानं? सुरुवात औषधानं झाली म्हटलं की पोट्टे हसतात. पण 1954 साली केंद्र सरकारनं पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स काढली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं, पेनिसिलिन बनवायला. तिथं तिला नुसतं 'एचए' म्हणतात. मुंबई-पुणे रस्ता दारातून, रेल्वे तर 1858 पासूनची. 1962 मध्ये एमआयडीसी आली, भोसरीकडची जमीन घेऊन प्लॉट पाडले. बजाज आली, टेल्को म्हणजे आताची टाटा मोटर्स आली, आणि त्यांना बुश, गिअर, बोल्ट पुरवणारी लहान वर्कशॉपं तर गल्लोगल्ली उगवली. माझं त्यातलंच. पत्र्याचं शेड, आठ मशीन, उन्हाळ्यात आपल्या मे महिन्याची आठवण यायची. मोठ्या कंपनीच्या गेटातून मी एकदाच आत गेलो, तेही टेम्पोत माल घेऊन.

कारखाने आधी आणि शहर मागून, असं ते झालं. 1970 मध्ये त्या चार गावांची नगरपालिका झाली. 1972 मध्ये कामगारांच्या घरांसाठी नवनगर विकास प्राधिकरण निघालं, 1982 मध्ये महानगरपालिका. जकात होती तोवर तिजोरी भरलेली. आशियातली सगळ्यात श्रीमंत महापालिका म्हणून तिथले लोक मिशीला पीळ देत. देवोत बापडे.

मला मात्र तिथं राहून आपली शकुंतला रेल्वे आठवायची. मूर्तिजापूर, दारव्हा, यवतमाळ अशी ती नॅरोगेज कापूस न्यायलाच घातली होती. रूळ तिथंही होते, इथंही होते. तिथल्या रुळाशेजारी कारखाना उतरला, इथल्या रुळावरून गाठी निघून गेल्या. कोणी याला नशीब म्हणते. मी नाही म्हणत. तिथं पाणी, वीज, रस्ता आधी पोचला. आपल्याकडं आधी फलक लागतो, मग त्याच्यावर बाभूळ चढते.

बापांना जे ऐकायचं असते तेही सांगतो. काम मिळते. हेल्पर म्हणून लागते, हात बसला की मशीनवर घेतात. परमनंटचं विचारू नका. मला सात महिने झाले की ब्रेक द्यायचे आणि महिन्याभरानं पुन्हा नव्यानं घ्यायचे. सुरुवातीची चार वर्षं असंच चाललं. राहणं कॉट बेसिसवर, एका खोलीत सहा, त्यात दोघं रात्रपाळीचे म्हणून जागा पुरते.

माझा घरमालक भोसरी गावठाणातला. वावर एमआयडीसीत गेलं, उरल्या जागेवर भाड्याच्या खोल्या. पैशाला तोटा नव्हता. भैरवनाथाच्या जत्रेला एकदा जेवायला बोलावलं, तेव्हा पुरणपोळी वाढता वाढता विचारलं, "तुमच्याकडं शेती किती?" म्हटलं, पाच एकर, कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. "बैल आहेत?" आहेत म्हटलं. मग जेवण होईस्तोवर तो बैलांचंच विचारत राहिला. रंग कोणता, शिंगं कशी, पोळ्याला सजवता का.

बाकी जायचंच असेल तर ट्रॅव्हल्सवाल्याला पुणे सांगू नका, भोसरी सांगा. आणि पहाटे वाघोली आली की सगळे उठून बॅगा काढायला लागतात. तुम्ही झोपून राहा, तुमचं ठिकाण अजून तासभर लांब असते.