दोन दिवसांपासूनचा ताप

अकरा वर्षं वॉर्डात नर्स आहे. ओव्हरच्या, म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती सोपवायच्या रजिस्टरमध्ये रोज इंग्रजीच लिहायचं, त्यामुळे यूकेसाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देताना लेखनाची धास्ती नव्हती. तिथल्या नर्सिंग नोंदणीला लेखनात किमान ६.५ आणि ऐकणं, वाचणं, बोलणं या बाकी तिन्हींत ७ लागतात. माझे लेखनात ६ आले.

उलगडा झाला तो रजिस्टरमधल्याच एका ओळीवरून: ‘पेशंट इज हॅविंग फीव्हर सिन्स टू डेज.’ आम्ही सगळ्याच असं लिहितो. क्लासच्या मॅडमनी ते खोडून ‘पेशंट हॅज हॅड फीव्हर फॉर टू डेज’ केलं. मी वाद घातला. ताप आत्ता आहे ना, मग ‘हॅज हॅड’ कशाला?

“मराठीत म्हणून बघा,” त्या म्हणाल्या. सोमवारपासून ताप आहे. दोन दिवसांपासून ताप आहे. आपलं ‘पासून’ दोन्हीकडे चालतं, क्रियापदही ‘आहे’च. इंग्रजी मात्र फोड करतं. सुरुवात कधी? ‘सिन्स मंडे’. किती काळ? ‘फॉर टू डेज’. आणि मागे सुरू झालेलं अजून चालू असेल, तर नुसत्या वर्तमानकाळाने भागत नाही, ‘हॅज’ लागतंच. घाईत कोणी ‘सिन्स टू’ एवढंच लिहिलं तर वाचणारा दोन वाजल्यापासून असं समजेल. औषधाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

दुसरी खोड घड्याळाची. ‘पहाटे चारला उलटी केली आहे’ हे मराठीत बिनचूक. इंग्रजीत वेळ सांगितली की ‘हॅज’ गळतं: ‘पेशंट व्हॉमिटेड ॲट फोर’. ‘यस्टर्डे’, ‘लास्ट नाइट’, ‘टू अवर्स अगो’ यांचंही तसंच. ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘यट’ यांच्याबरोबर ब्रिटिश वळणात ‘हॅव’ येतं, अमेरिकेत साधा भूतकाळही सर्रास चालतो.

म्हणून मराठी ढिली, असं मी कोणाला म्हणू देणार नाही. ‘परवा डिस्चार्ज’ म्हटलं तर ‘झाला’ की ‘होईल’ हे आपलं क्रियापदच ठरवतं. खाटेवरून हाक आली की आपण पाऊल उचलायच्या आधी ‘आलेच’ म्हणतो, भूतकाळात!

दोन महिने ड्यूटी संपली की त्या दिवशीच्या दहा नोंदी वहीत उतरवायच्या, वेळेच्या शब्दाखाली रेघ मारायची आणि मगच क्रियापद तपासायचं. निबंधांपेक्षा याचा उपयोग झाला. दुसऱ्या खेपेला लेखनात ७ आले.

परवा नाइटच्या ज्युनिअरने माझी नोंद वाचून विचारलं, “सिस्टर, इथे सिन्स नको का?” ओव्हर झाल्यावर वही घेऊन मी तिच्याशेजारी बसले.