पंचेचाळीसचं कडं

मी ग्लासगोत टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्डी वाजवायची यंत्रं, दुरुस्त करतो. मूळचा मिरजेचा. आमच्या घरात सतारी-तंबोऱ्यांचं काम नव्हतं, पण गल्लीत होतं. शाळेतून येताना जवारी काढणाऱ्या एका चाचांसमोर मी रोज उभा राहायचो. घोडीवर कानस एकदाच फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. घाई नाही. आज माझ्या हातात कानस नसते, पण काम तेच आहे असं मला वाटतं.

ही गोष्ट नोव्हेंबरातल्या एका मंगळवारची. सकाळपासून पाऊस, दुपारी तीनलाच दिवे लागलेले. साठी उलटलेल्या एक बाई टॅक्सीतून उतरल्या आणि टॅक्सीवाल्याच्या मदतीने ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं एक खोकं आत घेऊन आल्या. वरची जड तबकडी वेगळी काढून टॉवेलात बांधली होती. ती जागेवर ठेवून मशीन हलवलं तर बेअरिंगला मार बसतो, हे त्यांना माहीत होतं. मशीन ज्याने जपलंय तो असा दारातच ओळखू येतो.

लिन कंपनीचं एलपी १२. १९७२ पासून याच शहरात आणि त्याच्या लगत बनतंय. बाईंनी ते १९८३ मध्ये पहिल्या नोकरीच्या पगारातून, हप्त्याने घेतलेलं. तक्रार एकच: पियानोचा सूर डगमगतो.

हे मशीन उघडलं की आत विशेष काही नसतं. तीन स्प्रिंगांवर टांगलेला पत्र्याचा सांगाडा, त्यावर तबकडी आणि सुई धरणारा आर्म, बाजूला छोटी मोटर आणि एक रबरी पट्टा. सगळी करामत त्या तीन स्प्रिंगांची. तबकडीवर बोटाने हलकं दाबून सोडलं की ती सरळ वर-खाली झुलली पाहिजे. जराशीही तिरकी गेली की सूर बिघडला. बाईंच्या मशीनमध्ये एका स्प्रिंगखालचं रबर पार कडक होऊन चिरलं होतं आणि पट्टा सैल पडला होता. रबरं बदलली, पट्टा बदलला, आर्मची वायर मोकळी करून पुन्हा बांधली. मग बेअरिंग. जुनं तेल पुसून नवं घातलं आणि आतल्या छोट्या तबकडीचा दांडा त्यात सोडला. तो धपकन खाली जात नाही. तेलातली हवा बाहेर पडेल तसा, एखादी होडी चिखलात बसावी तसा हळूहळू उतरतो. पूर्ण बसायला काही मिनिटं लागतात. इतकी वर्षं हे काम करतोय, तरी तेवढा वेळ मी दुसरं काही करत नाही, बघत बसतो. त्या दिवशी बाईही स्टूल ओढून शेजारी बसल्या.

"आता काही लावून बघू या," मी म्हटलं. तपासणीसाठी आमच्याकडे ठरलेल्या रेकॉर्डी असतात. पण बाईंनी पिशवीतून सात इंची रेकॉर्ड काढली. "लागणार नाही ठाऊक आहे मला," म्हणाल्या, "पण तुला दाखवायला आणली, सन." ग्लासगोतल्या वयस्क बायका माझ्यासारख्या चाळिशीच्या माणसालाही 'सन', म्हणजे 'बाळा', म्हणतात, आणि मला ते फार आवडतं.

लेबलवर आर एस ओ कंपनीचं गायीचं चिन्ह. खाली नाव: द ब्लू नाइल, 'आय लव्ह धिस लाइफ', १९८१.

मी हात पुसले आणि मगच ती हातात घेतली.

आमच्या धंद्यात ब्लू नाइल या बँडचं नाव आदराने घेतात. पॉल ब्युकॅनन, रॉबर्ट बेल आणि पॉल जोसेफ मूर ही ग्लासगोची तीन पोरं. १९८४ मध्ये त्यांचा पहिला अल्बम 'अ वॉक अक्रॉस द रूफटॉप्स' आला तो याच लिन कंपनीच्या रेकॉर्ड-लेबलवर. त्या लेबलचीही ती पहिलीच रेकॉर्ड. म्हणजे वाजवणारं यंत्र आणि वाजणारं गाणं एकाच घरचं. या शहरात तुम्ही कोणाचंही टर्नटेबल नीट बसवलं की तो हमखास तीच रेकॉर्ड मागतो. पावसात ओल्या रस्त्यावरून 'टिन्सेलटाउन इन द रेन' गुणगुणत जाणारी माणसं मी पाहिली आहेत. नंतर १९८९ मध्ये 'हॅट्स', १९९६ मध्ये 'पीस अ‍ॅट लास्ट', २००४ मध्ये 'हाय'. वीस वर्षांत चार अल्बम, बस. आणि २०२४ मध्ये टेलर स्विफ्टने आपल्या एका गाण्यात त्यांच्या 'द डाउनटाउन लाइट्स'चं नाव घेतलं, तेव्हापासून अठरा-वीस वर्षांच्या मुलीही दुकानात येऊन 'हॅट्स' मागतात. फार छान वाटतं.

पण या सगळ्याच्या आधीचं हे गाणं कोणी मागत नाही. हे त्यांचं पहिलं सिंगल, म्हणजे एकेका गाण्याची छोटी रेकॉर्ड. ते आर एस ओने काढलं. म्हणजे बी जीजचं 'सॅटर्डे नाइट फीव्हर' ज्यांनी जगभर विकलं, तीच कंपनी. नव्या पोरांना याहून मोठं दार कुठलं? पण गाणं बाजारात आलं आणि थोड्याच काळात ती कंपनीच पॉलिग्राम या मोठ्या कंपनीत विरघळून गेली. गाण्याला मागे कोणी उरलं नाही. चार्टवर कुठेच नाही. २०१२ मध्ये पहिल्या अल्बमची नवी आवृत्ती निघाली, तिच्या जोड-सीडीवर ते घातलं, तेव्हा कुठे बऱ्याच चाहत्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं. मीही त्यातलाच. कागद इकडचे तिकडे झाले म्हणून एक चांगलं गाणं तीस वर्षं अंधारात राहिलं, याचा मला आजही राग येतो.

"मी विद्यापीठात होते तेव्हा," बाई सांगू लागल्या. त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी पोस्टकार्ड रेकॉर्ड्सचं नाव. वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका फ्लॅटमधून चालणारं लेबल, ऑरेंज ज्यूस, जोसेफ के, अ‍ॅझ्टेक कॅमेरा असे त्याचे बँड. दुकानात पोस्टकार्डचंच काहीतरी घ्यायला गेल्या होत्या, ते संपलेलं, म्हणून ही उचलली. मैत्रिणीच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर दोघींनी महिनाभर वाजवली. पुढे मैत्रीण लंडनला गेली, प्लेअर तिच्याबरोबर गेला, रेकॉर्ड यांच्याकडे राहिली. मग हौसेने हे महागडं मशीन घेतलं, आणि घरी आणल्यावर कळलं की यावर फक्त एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्डी, वाजतात.

हे खरं आहे. त्या काळच्या एलपी १२ ला एकच वेग, मिनिटाला सव्वातेहेतीसच्या किंचित वर फेरे. सिंगलला लागतात पंचेचाळीस.

"एकदा लावून पाहिली होती," त्या म्हणाल्या. "कोणी तरी विहिरीतून गातंय असं वाटलं. पुन्हा नाही लावली."

हिशोब करून बघा. पंचेचाळीसचं गाणं तेहेतीसवर वाजवलं की सूर सुमारे पाच अर्धस्वर खाली, म्हणजे सा थेट मंद्र पंचमावर जाऊन बसतो. लयही तेवढीच मेलेली. गाणं तेच असतं, पण त्यातला जीव गेलेला असतो. इतकी वर्षं बाईंच्या घरात ते तसं, मंद्र पंचमात अडकून पडलं होतं.

पण यावर उपाय होता. कंपनी त्या काळी एक छोटं कडं वेगळं विकायची. मोटरच्या पुलीवर ते चढवायचं, पुलीचा घेर वाढतो, पट्टा जास्त वेगाने ओढला जातो. ३३ चे ४५ करायचे तर घेर १.३५ पट हवा, एवढंच त्याचं शास्त्र. हल्ली मोटरचा वेग बटणाने बदलतो, त्यामुळे कडं कोणी विचारत नाही. माझ्या खणात मात्र एक असायला हवं होतं. कुठल्याशा मोडीत काढलेल्या मशीनमधलं, टाकून द्यायला जीव झाला नव्हता. सुया, स्क्रू, जुन्या रबरांच्या खाली, बटणांच्या डबीत सापडलं. अंगठीएवढं.

मोठी तबकडी उचलली, पट्टा सोडवला, कडं पुलीवर दाबून बसवलं, पट्टा पुन्हा चढवला, तबकडी ठेवली. वेग तपासायच्या पट्ट्यांची चकती वर ठेवून दिव्याखाली पाहिलं. पट्ट्या स्थिर दिसल्या. मग सुई टेकवली.

नंतरच्या अल्बमांतले ब्लू नाइल माहीत असतील तर हे गाणं चकित करतं. तिथे ते दोन सुरांमध्ये एवढी मोकळी जागा सोडतात की पाऊस ऐकू यावा. इथे ते पळताहेत. ठोका पुढे रेटणारा, गिटार आणि सिंथेसायझर एकमेकांना घासत जाणारे, आणि मध्ये ब्युकॅननचा आवाज. तो आवाज तेव्हाही तोच होता, बोलता बोलता कंठ दाटून यावा तसा. अजून आवरायला शिकलेला नाही, एवढाच फरक. शीर्षकातच सांगून टाकलंय, हे जगणं मला आवडतं, आणि ते तो घाईघाईने सांगतो, कोणी थांबवायच्या आत. मला त्यांची पुढची गाणी जास्त परिपूर्ण वाटतात, हे कबूल. पण हा आनंद त्यांच्याकडे पुन्हा या वेगाने आला नाही. लोक याला 'सुरुवातीचा प्रयत्न' म्हणून बाजूला सारतात, ते मला पटत नाही. हे पूर्ण गाणं आहे.

बाई हलल्याच नाहीत. एका हाताची बोटं मात्र स्टुलाच्या कडेवर ठोका धरत होती, अगदी बरोबर, कुठे थांबायचं आणि कुठे उचलायचं सगळं बोटांना पाठ. एका जागी बोटं गाण्याच्या आधीच थांबली आणि मग गाणं थांबलं.

बाहेरचं गिऱ्हाईक डोकावून गेलं. माझा सहकारी चहाचा कप हातात धरून दारात उभा राहिला, चहा न पिता.

शेवटी सुई मधल्या घळीत फिरत राहिली. मी आर्म उचलला. बाई म्हणाल्या, "मला वाटायचं ते याहून हळू होतं." मग थोडं थांबून, "इतकं भरभर गायचो आम्ही?"

कड्याचे पैसे किती, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हे कडं आता याच मशीनचं. एलपी लावायची असेल तेव्हा कसं काढायचं ते दाखवलं, त्यांच्याकडून दोनदा करून घेतलं. दुसऱ्या वेळी पट्टा पहिल्या झटक्यात बसला.

टॅक्सी यायला अजून वीस मिनिटं होती. "मागची बाजू?" मी विचारलं.

"'द सेकंड अ‍ॅक्ट'," त्या म्हणाल्या. "ती आम्ही फारशी वाजवायचो नाही. लाव."

मी रेकॉर्ड उलटली.